बर्फवाल्यानं आणलेली बाटली

लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना आमच्या घरच्यांची नेहमी पंचाईत व्हायची. नणंद मोठ्या ऐटीत सांगायची, "आमच्या वहिनी मोठ्या दवाखान्यात आहेत." समोरची बाई लगेच नाडी बघायला मनगट पुढं करायची. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, म्हटलं की मनगट मागं जायचं आणि प्रश्न यायचा, "मग करता तरी काय?" मी खरं ते सांगायचे, "लोकांच्या पाठीतलं पाणी, छातीतला कफ आणि गळवातला पू तपासते." त्यानंतर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी व्हायची आणि मला जिलेबी निवांत खाता यायची.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी त्यांनाही तेच म्हटलं, की फराळाच्या ताटाशेजारी हे कोण वाचणार? त्या म्हणाल्या, "कफ आणि पू वगळा, पाठीतलं पाणी चालेल." तेव्हा पाठीतल्या पाण्याबद्दलच लिहिते. नाहीतरी माझा सगळ्यात जास्त जीव त्यातच गुंतला होता.

सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. नोकरीला लागले तेव्हा केस काळे होते आणि सूक्ष्मदर्शक एका डोळ्याचा होता. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही बदललेले होते. आम्ही घरात तेलुगू बोलणारे, विणकरांपैकी. माझे वडील चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासायला होते. प्रयोगशाळेत शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला अक्का म्हणायचे. सोलापुरात हा शब्द तेलुगूत चालतो, कन्नडमध्ये चालतो आणि मराठीवाल्यांनाही तो आपलाच वाटतो, त्यामुळे कुणाचं अडत नाही.

आता धंद्यातलं थोडं सांगते. आपल्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूभोवती पाणी असतं. निरोगी माणसाचं हे पाणी इतकं स्वच्छ असतं, की बाटलीमागं वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येते. मेंदूच्या आवरणात जंतू शिरले, की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. ताप, उलट्या, मान ताठ, मूल उजेडाकडं बघायला तयार नाही. मग डॉक्टर कमरेजवळ दोन मणक्यांच्या मधे सुई घालून थोडं पाणी काढतात आणि ते आमच्याकडं येतं. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो," हे आमच्या भागात घरोघरी माहीत असलेलं शास्त्र आहे. ते खोटं आहे, हे मी आयुष्यभर सांगत आले. अक्कलकोटच्या एका किराणा दुकानदारानं तर मला विचारलं होतं, "अक्का, तेवढं पाणी काढून झालं की वरून दुसरं भरता की न्हाय?" मी म्हटलं, "शरीर आपलं आपण भरतं, तुमच्या गोदामासारखं नाही." त्याला ते पटलं नसावं, पण पुतण्याच्या पाठीला सुई लावू दिली.

या पाण्यात कोण शिरलंय ते ओळखणं आमचं काम. मुख्य संशयित तीन-चारच. पण प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या. एक जण जोडीजोडीनं फिरतो आणि रंग दिला की जांभळा दिसतो. दुसराही जोडीनंच असतो, पण गुलाबी दिसतो. तिसऱ्याचं नाव हिमोफिलस. हा बारीक काडीसारखा, तोही गुलाबी, आणि लहान मुलांच्या जिवावर उठणारा. याच्यासारखे खाण्याचे नखरे मी माझ्या सासऱ्यांचेही पाहिले नाहीत. त्याला मेंढीचं रक्त लागतं, आणि तेही आधी तापवून तपकिरी केलेलं. जंतू वाढवायला त्यांचं खाणं ज्या झाकणाच्या उथळ बशीत थिजवतात तिला प्लेट म्हणतात, आणि या प्लेटला आम्ही चॉकलेट प्लेट म्हणतो, कारण रंग तसा येतो. आमच्याकडं नव्यानं लागलेल्या एका सफाईच्या बाईंनी ती माझ्या टेबलावर पाहून, "अक्का, नातवाला एक द्या की," म्हटलं होतं. त्यात काय आहे ते सांगितल्यावर त्यांनी आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नाही.

साध्या रक्ताच्या प्लेटवर हा हिमोफिलस एकटा वाढतच नाही. पण त्याच प्लेटवर दुसऱ्या एका दांडगट जंतूची रेघ ओढली, तर हा त्या रेघेच्या आसऱ्यानं वाढतो. त्या दांडगटाच्या ताटातलं सांडलेलं याला पुरतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना दवाच्या थेंबांसारखे ठिपके दिसले आणि बाकी प्लेट रिकामी राहिली, की समजायचं, पाहुणा ओळखला. शिवाय या मंडळींना हवा थोडी कोंदट लागते. पूर्वी आम्ही प्लेटा एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवून वर मेणबत्ती लावायचो आणि झाकण घट्ट बसवायचो. मेणबत्ती आपोआप विझली, की आतली हवा त्यांना हवी तशी व्हायची. रोज दिवेलागण करणारी प्रयोगशाळा म्हणून आमची थट्टा व्हायची.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यावर ही सगळी कहाणी आहे. या जंतूंना थंडी सोसत नाही. लघवी वगैरे बरेचसे नमुने यायला उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवतात. पाठीतलं पाणी ठेवायचं नाही. ज्या अंगातून ते आलं, त्या अंगाच्या उबेतच ते आणायचं. नाहीतर वाटेतच जंतू मरतात, प्लेट कोरी राहते, आणि कोण होतं ते कळत नाही. मी अशा कितीतरी कोऱ्या प्लेटा पाहिल्या आहेत. कुणीतरी काळजीनंच ते पाणी फ्रीजमध्ये ठेवलेलं असायचं, सुट्टीचा दिवस मधे आलेला असायचा. एका कॉलेजच्या मुलाची अशी कोरी प्लेट मी फेकून द्यायच्या आधी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिली होती. तो मुलगा गेला होता. प्लेटवर काही दिसलं असतं तर तो वाचला असता असं नाही, पण त्याच्या आईनं "माझ्या लेकराला काय झालतं?" असं विचारलं तेव्हा मला एक नाव तरी सांगता आलं असतं. याची हळहळ अजून आहे.

तर, मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही. मी जेवणाचा डबा धुऊन ठेवत होते, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, घामानं निथळणारा, बनियन पाण्यानं ओली, आणि दोन्ही हातांत गोणपाटात गुंडाळलेलं एक भलंमोठं ओझं. त्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"पाठीचं पाणी इथंच द्यायचं ना अक्का? होटगी रोडच्या दवाखान्यातून आलोय. कागद हाय बघा."

"पाणी कुठंय?"

त्यानं ते ओझं माझ्या टेबलावर ठेवलं आणि अभिमानानं गोणपाट सोडलं. आत बर्फ. चांगला फोडलेला, पांढराशुभ्र, टोपलीभर.

"बरफात घालून आणलोय की. येकदम फर्स्टक्लास. खराब व्हायचा सवालच नै."

मी ओरडले. ओरडणं हा माझा जन्मजात आजार आहे आणि त्यावर औषध निघालेलं नाही. "कुणी सांगितलं हे तुम्हाला? बर्फात घालतात होय हे? सगळं मारून आणलंत!"

त्याचा चेहरा एका क्षणात उतरला. "मारून? कुणाला मारून अक्का?"

त्याचं नाव रफीकभाई. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या उचलायच्या आणि टेम्पोतून गावभर पोचवायच्या, हा त्याचा धंदा. त्याचे वडीलही तेच करायचे, हातगाडीवर. त्याची मुलगी अल्फिया, वय तीन वर्षांचं, आजोळी अक्कलकोटला गेली असताना तापली. तिथं कुणीतरी तापाचं म्हणून दोन-तीन दिवस औषध दिलं. ताप थोडा उतरला, पुन्हा चढला, आणि इथं आणेपर्यंत मुलगी मान वाकवेना, हाक मारली तर बघेना. होटगी रोडच्या त्या छोट्या दवाखान्यातल्या नर्सनं बाटली त्याच्या हातात देताना सांगितलं होतं, "भाऊ, पटकन पोचवा, खराब होऊ देऊ नका." तिचं काही चुकलं नव्हतं. पण ज्याच्या दोन पिढ्या बर्फावर जगल्या, त्याला खराब होऊ देऊ नका असं सांगितल्यावर तो दुसरं काय करणार?

"आमच्यात काय बी टिकवायचं म्हटलं की बरफ," तो म्हणत होता. "दूध म्हणा, मच्छी म्हणा, लग्नातली फुलं म्हणा. मयतीला बी बरफच देतो आमी, पाव्हणे येईस्तोवर." शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं. तो भिंतीला टेकला.

आमच्या प्रमुख डॉक्टर हंचाटे मॅडम आवाज ऐकून बाहेर आल्या. मॅडम माझ्या बरोबर उलट, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी कागद वाचला. होटगी रोडच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यावर एकच प्रश्न लिहिला होता: टीबीचा मेनिंजायटिस की साध्या जंतूंचा?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. साध्या जंतूंचा असेल, तर योग्य इंजेक्शन ठरलेले सगळे दिवस दिलं की मूल बरं होतं. टीबीचा असेल, तर वर्षभर वेगळीच औषधं, आणि ती सुरू करायला उशीर झाला तर मूल हातचं जातं. आधी अर्धवट अँटिबायोटिक मिळालेलं असलं, की दोन्हींचं पाणी सारखंच दिसायला लागतं. नक्की सांगायचा एकच उपाय होता, जंतू शोधून दाखवणं. आणि तो जंतू बर्फातून आला होता.

"अक्का, बाटली काढा तर आधी," मॅडम म्हणाल्या.

मी बर्फ बाजूला केला. बाटली दिसेना. बर्फाच्या मधोमध एक पत्र्याचा डबा निघाला, बिस्किटांचा असतो तसा. डबा उघडला तर आत लाकडाचा भुसा ठासून भरलेला. भुशात हात घातला तेव्हा बाटली लागली, तीही एका फडक्यात गुंडाळलेली. मी ती हातात घेतली. गार होती, पण बर्फातून निघालेली बाटली असते तेवढी गार नव्हती.

"हे भुशात कशाला घातलंत?" मी विचारलं.

रफीकभाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की असला प्रश्न कुणी विचारतं का. "काच हाय की अक्का. बाटली गरम, बरफ थंडा. डायरेक्ट लावली तर काच तडकती. मधी भुसा लागतोच. भुशातनं थंडी सावकाश शिरती."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मॅडमकडं पाहिलं. भुशातून थंडी सावकाश शिरते. आणि होटगी रोड ते आमचा दवाखाना काही फार लांब नाही.

"चला," मॅडम म्हणाल्या.

आम्ही कामाला लागलो. पाणी यंत्रात गरगर फिरवून तळाचा साका घेतला. तो एका चॉकलेट प्लेटवर पसरला, एका रक्ताच्या प्लेटवर पसरला, आणि तिच्यावर त्या दांडगट जंतूची रेघ ओढून ठेवली. प्लेटाही मी आधी उबवणी यंत्रात ठेवून कोमट करून घेतल्या होत्या. थंडीनं काकडून आलेल्या पाहुण्याला निदान अंथरूण तरी गरम मिळावं. बरणीत मेणबत्ती लावली. ती विझेपर्यंत मी उगाचच बघत बसले.

उरलेला थेंब काचेवर घेऊन रंग दिला. मेलेला जंतूही रंग घेतो, ही त्यातली एक बरी गोष्ट. पण हिमोफिलसची अडचण अशी, की तो गुलाबी, त्याच्या मागची जमीनही गुलाबी, आणि तो इतका बारीक, की रंगाचा कण आणि जंतू यांत चटकन फरक कळत नाही. इथं मला वडिलांची शिकवण उपयोगी पडायची. ते चादर तपासताना एका काठानं सुरुवात करायचे, दुसऱ्या काठाला जाऊन वळायचे, परत यायचे. मधे कुठं उडी मारायची नाही. "जिथं बघायचा कंटाळा येतो तिथंच दोरा तुटलेला असतो," असं ते तेलुगूत म्हणायचे. मी काच तशीच बघायला लागले. काठापासून काठापर्यंत. बराच वेळ काही नाही. मग एका कोपऱ्यात दोन-तीन बारीक गुलाबी काड्या. पुढं पुन्हा काही नाही. मग आणखी एक.

मी उठून मॅडमना खुर्ची दिली. त्यांनी पाहिलं, काच थोडी सरकवली, पुन्हा पाहिलं.

"अक्का, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं आहेत. पण फार थोडे आहेत, आणि मला ते असावेत असं वाटतंय, त्याचीच भीती वाटते."

मॅडम हसल्या. त्यांनी होटगी रोडला फोन लावला आणि शब्द तोलून सांगितलं, की काचेवर हिमोफिलससारखं दिसतंय, पण खात्री प्लेटवर वाढल्यावरच. तिथले डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन चालू ठेवतो, टीबीची औषधं हाताशी ठेवतो. परवापर्यंत काही नक्की कळलं नाही तर ती सुरू करणार. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांच्या समोर मूल होतं आणि आमच्या समोर बरणी.

रफीकभाई दाराबाहेरच्या बाकावरून हलला नव्हता. त्याला घरी जा, दवाखान्यात बायकोजवळ जा, असं सांगितलं. तो गेला, पण दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी बाकावर हजर.

मी बरणी उघडली. चॉकलेट प्लेट कोरी. रक्ताच्या प्लेटवर ओढलेली रेघ तेवढी जोमानं वाढलेली, तिच्या दोन्ही बाजू कोऱ्या. मी प्लेटा खिडकीच्या उजेडात तिरप्या धरल्या, सरळ धरल्या. चष्मा पुसून पुन्हा धरल्या. मग परत बरणीत ठेवून नवी मेणबत्ती लावली. कॉलेजच्या त्या मुलाची प्लेट मला आठवत होती आणि ती आठवू नये म्हणून मी कपाटं आवरायला घेतली.

बाहेर आले तर रफीकभाई उठून उभा राहिला.

"अक्का, खरं सांगा. माझ्या बरफानं मारलं ना?"

लोकांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "थोडे नक्की मारलेत. सगळे मारलेत का, ते उद्या कळेल."

तो म्हणाला, "माझी पोरगी आवाज देत नै अक्का. बायको हाक मारती, मी हाक मारतो, बघत बी नै. डॉक्टर म्हणाले, या बीमारीत कान जातेत कधी कधी." मग म्हणाला, "तिला बरफ फोडायचा आवाज लई आवडतो. मी टोच्या मारला की कुठं बी असली तरी पळत येती, तुकडा मागायला."

मी त्याला कँटीनचा चहा आणून दिला. तो त्यानं घेतला आणि तसाच हातात धरून बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत शिरले ती थेट बरणीकडं. पर्सही खांद्यावरच होती. रक्ताची प्लेट आधी काढली. रेघेच्या डाव्या बाजूला काही नाही. उजव्या बाजूला, रेघेला लगटून, चार बारीक, चमकणारे थेंब. त्यांच्या खाली आणखी दोन. बाकी प्लेट रिकामी. चॉकलेट प्लेटवरही करडे, ओलसर ठिपके, मोजून थोडेच, पण जिवंत.

मी मॅडमना हाक मारली ती सबंध मजल्याला ऐकू गेली असणार. मॅडम आल्या, त्यांनी प्लेट हातात घेतली, आणि ज्या बाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, ती म्हणाली, "अगं बाई! वाढले की हो!"

फोन गेला. टीबीची औषधं कपाटातच राहिली. कोणतं इंजेक्शन या जंतूवर लागू पडतं तेही आम्ही दुसऱ्या दिवशी प्लेटवर लावून कळवलं आणि अल्फियाला तेच चालू होतं. घरात रफीकभाईचा चार महिन्यांचा मुलगा पाळण्यात होता. जंतूचं नाव कळल्यामुळं त्याच्यासकट सगळ्या घराला बचावाचं औषध देता आलं. त्या औषधानं लघवी केशरी होते, हे त्यांना दवाखान्यात सांगितलेलं होतं, पण काळजीत कुणाच्या लक्षात राहतं? दुसऱ्याच दिवशी रफीकभाई धावत माझ्याकडं. "अक्का, घोटाळा झाला! पोराची केशरी, बायकोची केशरी, अम्मीची केशरी, माझी पण केशरी!" मी इतकी हसले, की मला खाली बसावं लागलं. मग तोही हसायला लागला, त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदा.

मी त्याला ती रक्ताची प्लेट दाखवली. हात न लावता, लांबून. तो वाकून बघत राहिला.

"येवढ्याशा ठिपक्यांनी?"

"एवढ्याशाच. तुमच्या बर्फानं यांचे भाऊबंद मारले आणि तुमच्या भुशानं हे वाचवले. हे वाचले म्हणून आम्हाला कळलं."

त्यानं खूप वेळ मान हलवली. मग म्हणाला, "म्हणजे याला थंडी चालत नै. बरफ नै घालायचा."

"अजिबात नाही. पोटाशी धरून आणायचं. अंगाच्या उबेला."

"बरफवाल्याला सांगताय," तो म्हणाला.

अल्फियाला घरी सोडलं त्या दिवशी तो तिला कडेवर घेऊन आमच्याकडं आला. मुलगी काडीसारखी झाली होती, डोळे मोठे दिसत होते, बापाच्या खांद्यात तोंड खुपसलेलं. कानांची रीतसर तपासणी पुढं व्हायची होती, मशीनवर. पण मला तेवढा धीर कुठला? मी तिच्या पाठीमागं गेले आणि हातातला चिमटा स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. खण्णकन आवाज झाला. अल्फियानं मान उचलली, मागं वळून ट्रेकडं पाहिलं, आणि मग बापाच्या तोंडाकडं बघत हात पुढं केला, तुकडा मागायला. रफीकभाईनं तोंड फिरवलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी मात्र सगळ्यांदेखत रडले, कारण माझं ओरडणं असो की रडणं, मला ते हळू करता येत नाही. पुढं मशीननंही तेच सांगितलं. दोन्ही कान शाबूत.

याला बरीच वर्षं झाली. आता लहान बाळांना या हिमोफिलसची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तो जंतू आमच्या बरणीत दिसायचा जवळपास बंद झाला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात नवीन शिकायला येणाऱ्या मुली विचारायच्या, "अक्का, रेघेच्या बाजूचे ते थेंब खरंच दिसतात का हो?" पुस्तकातल्या चित्रापलीकडं त्यांनी ते पाहिलेले नसायचे. मी तोंड वाकडं करून म्हणायचे, "काय तुमचं नशीब!" आणि मनातून मला फार बरं वाटायचं. ज्याला ओळखण्यात माझी हयात गेली, त्याला या मुलींनी ओळखूच नये, यासारखी दुसरी सेवानिवृत्ती नाही. आता तर यंत्रंही आली आहेत. मेलेल्या जंतूचीही ओळख ती काही तासांत काढतात. पण बाकीचे संशयित अजून फिरतायत, आणि नेमकं कोणतं औषध लागू पडेल ते बघायला जंतू जिवंतच हाती लागला तर उत्तम. त्यामुळं बाटली उबेतच यायला हवी. हे सांगून सांगून माझा घसा बसला. आम्ही पत्रकं लावली, बैठका घेतल्या, फोनवर भांडलो. तरी फ्रीजमधल्या बाटल्या यायच्याच.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, अशाच एका मे महिन्याच्या दुपारी, वळसंगची एक बाई दारात आली. पन्नाशीची, शेतातून उठून आल्यासारखी. तिचा नातू होटगी रोडच्या त्याच दवाखान्यात होता. दोन्ही हात पोटाशी आवळलेले, पदर त्यांच्यावर गच्च गुंडाळलेला. मला वाटलं, हिचंच पोट दुखतंय.

"काय होतंय मावशी?"

"मला काय न्हाय होत. पाणी आणलंय नातवाच्या पाठीचं." तिनं पदराचे वेढे सोडायला सुरुवात केली. एक, दुसरा, तिसरा.

मी विचारलं, "पोटाशी धरून आणायचं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यो बरफवाला सांगितला की. दवाखान्याम्होरं टेम्पो हुबा व्हता त्याचा. म्या म्हटलं, ऊन लई हाय, नासंल पाणी, धा रुपयाचा बरफ दे. तर द्यायलाच तयार न्हाय! टेम्पो भरून बरफ, आन् मला म्हनतो, मावशी, याला बरफ देत नै मी. पोटाशी धर, पदरात गुंडाळ, आन् रिक्षात बसून सरळ जा. आसला कसला म्हनायचा बरफवाला?"

तिनं शेवटचा वेढा सोडला आणि बाटली माझ्या हातात दिली. बाटली कोमट होती.